पिकल्स राजपुत्राची फौज

तोक्यो उपसागराच्या पलीकडच्या काठावर, चिबा प्रांतात, किसाराझू नावाचं शहर आहे. तिथे जपानी स्वसंरक्षण दलाचा हेलिकॉप्टरांचा तळ आहे. २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या तळावरच्या हवाई मेळाव्याला जे लोक गेले, त्यांच्यासमोर एएच-१एस कोब्रा जातीचं हेलिकॉप्टर उभं होतं. रणगाडे फोडायचे, एवढ्याच कामासाठी घडवलेलं हे यंत्र. पुढे तोफेची नळी, बाजूला अग्निबाणांच्या चौकटी. आणि या सगळ्याच्या मधोमध, पत्र्यावर, टपोऱ्या डोळ्यांची हसरी मुलगी रंगवलेली. तिचं नाव अकाने, आडनाव किसाराझू. पुढच्या मेळाव्यांमध्ये तिच्या बहिणीही आल्या : आओई, वाकाना आणि युझू. लोक कॅमेरे घेऊन रांगा लावत होते.

ते फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा नजर आधी मुलीवर गेली आणि तिथेच थांबली. अग्निबाणांची चौकट दिसली ती बऱ्याच वेळाने. या प्रकरणाकडे मी वळलो तो या उशिरामुळे. हत्यार नजरेसमोर असताना नजरेआड कसं होतं, हे मला समजून घ्यायचं होतं.

जपानच्या राज्यघटनेचं नववं कलम सांगतं की हा देश युद्धाचा हक्क कायमचा सोडून देत आहे आणि भूदल, नौदल, हवाई दल किंवा दुसरं कुठलंही युद्धबळ तो बाळगणार नाही. ही घटना ३ मे १९४७ रोजी अमलात आली. तीन वर्षांनी कोरियात युद्ध पेटलं, जपानमधलं अमेरिकी सैन्य तिकडे गेलं आणि १९५० च्या ऑगस्टमध्ये मागे 'राष्ट्रीय पोलीस राखीव दल' उभं राहिलं. त्याचंच १ जुलै १९५४ रोजी स्वसंरक्षण दल झालं. जपानीत जिएताई. सेना हा शब्द नावातून मुद्दाम गाळलेला.

नाव बदललं की आतले शब्दही बदलावे लागतात. पायदळाला तिथे पायदळ म्हणत नाहीत, 'सामान्य शाखा' म्हणतात. तोफखाना म्हणजे 'विशेष शाखा'. सुरुवातीच्या वर्षांत रणगाड्यालासुद्धा रणगाडा म्हणायची सोय नव्हती, कागदोपत्री तो 'विशेष वाहन' होता. गोंडस चित्रं आली ती यानंतर पुष्कळ वर्षांनी, पण त्यांची जमीन या शब्दांनी आधीच नांगरून ठेवली होती. ज्या सैन्याला स्वतःचं नाव उच्चारता येत नाही, त्याला लोकांसमोर जायला दुसरा चेहरा लागतो.

पहिला चेहरा बर्फाचा होता. साप्पोरोच्या हिमोत्सवात १९५५ पासून स्वसंरक्षण दलाचे जवान बर्फाचे अजस्र पुतळे उभारत आले आहेत. पुढे मुलांच्या आवडत्या कार्टूनमधली पात्रंही त्यात आली. ट्रक भरभरून बर्फ आणायचा, आठवडेच्या आठवडे राबायचं आणि उत्सव संपला की ते पाडून टाकायचं. त्या काळात गणवेश घालून रस्त्यावर निघालं तर 'कराचा पैसा खाणारे चोर' अशी हाक ऐकू येई. त्या जवानांनी कुणाला समजावत न बसता फावडं हातात घेतलं, याचं मला मोल वाटतं.

चित्रांचं सैन्याशी नातं मात्र त्याहून जुनं आहे, आणि ते विसरून पुढचं काही कळत नाही. १९३१ साली एका मुलांच्या मासिकात 'नोराकुरो' नावाची चित्रकथा सुरू झाली. काळा, बेवारशी कुत्रा. घर नाही, आईबाप नाहीत. तो कुत्र्यांच्या पलटणीत भरती होतो, चुका करतो, हसं करून घेतो आणि हळूहळू बढती मिळवत वर जातो. दहा वर्षं मुलांनी त्याच्यावर जीव लावला. हीच दहा वर्षं जपानी सैन्य मांचुरियात आणि मग चीनमध्ये होतं.

नंतर नौदलाने स्वतःच पैसे घातले. 'मोमोतारो' ही जपानमधल्या प्रत्येक मुलाला पाठ असलेली लोककथा : पीचच्या फळातून जन्मलेला मुलगा कुत्रा, माकड आणि फेझंट पक्ष्याला सोबत घेऊन राक्षसांच्या बेटावर स्वारी करतो. १९४५ च्या एप्रिलमध्ये तिच्यावर आधारलेला 'मोमोतारो : समुद्राचे दिव्य सैनिक' हा ७४ मिनिटांचा चित्रपट आला. जपानचा हा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. त्यात माकडं, अस्वलं, कुत्रे छत्रीधारी सैनिक होऊन बेटावर उतरतात. एका प्रसंगात ते तिथल्या प्राण्यांना जपानी मुळाक्षरं गाण्यातून शिकवतात, आणि हा प्रसंग इतका लोभस आहे की आजही पाहताना ओठांवर हसू येतं. हसू आलं की लगेच आठवतं की हे प्रत्यक्षात घडलेलं, आता इंडोनेशियात असलेल्या सेलेबीस बेटावरचं जपानी आक्रमण आहे, १९४२ च्या जानेवारीतलं. शेवटी घरी राहिलेली पिल्लं झाडावरून उड्या मारण्याचा खेळ खेळतात. खाली जमिनीवर खडूने नकाशा काढलेला असतो. तो अमेरिकेचा.

ओसाकाच्या ओस पडलेल्या थिएटरात हा चित्रपट पाहणाऱ्या मोजक्या प्रेक्षकांमध्ये शाळकरी ओसामु तेझुका होता. पुढे ज्याला 'मांगाचा', म्हणजे जपानी चित्रकथांचा, 'देव' म्हणू लागले तो हाच. तो रडला, आणि आपणही एक दिवस असं काही करायचं असं त्याने ठरवलं. युद्धाच्या प्रचारातली ती कोवळीक त्याला खरी वाटली होती, आणि मला वाटतं ती खरीच होती. चित्रकारांनी मनापासून काढली होती. म्हणूनच ती एवढी उपयोगी पडली.

आता राजपुत्राकडे येऊ. १९९१ च्या आखाती युद्धात जपानने १३ अब्ज डॉलर दिले, पण माणसं पाठवली नाहीत. युद्ध संपल्यावर कुवेतने अमेरिकी वृत्तपत्रांत आभाराची जाहिरात दिली, तर त्यात जपानचं नाव नव्हतं. हा अपमान तोक्योत खोलवर लागला. १९९२ च्या जूनमध्ये संसदेने शांतिसेनेचा कायदा केला आणि त्याच वर्षी जवान कंबोडियाला निघाले. घरात बसलेलं, पूरग्रस्तांना मदत करणारं दल पहिल्यांदाच शांतिसेनेच्या कामाला बाहेर चाललं होतं, आणि ते का, हे लोकांना सांगायची पाळी आली.

सांगायला आला पिकल्स, दलाच्या चित्रकथेचा नायक. मोठं डोकं, मोठे डोळे, बुटकं अंग. तो पाप्रिका राज्याचा राजपुत्र आणि त्याची मैत्रीण ब्रोकोली देशाची पार्सली. भाजीबाजारातली ही नावं मुद्दामच घेतलेली असणार, कारण त्यात कुठलाच खरा देश नाही आणि खरा शत्रू तर मुळीच नाही. चित्रकथेच्या सुरुवातीला पिकल्सला वाटतं, आपलं राज्य शांत आहे, आपल्याला सैन्य कशाला हवं? हा पोरकट प्रश्न नाही. १९४७ च्या घटनेने अख्ख्या देशाला जे उत्तर दिलं होतं, तेच तो प्रश्नाच्या रूपात बोलतो. कथा त्याला प्रवासाला पाठवते, शिकवते, आणि त्याचं मत बदलतं. हातचलाखी असेल तर ती इथे आहे : देशातला सर्वांत गंभीर राजकीय वाद एका मुलाच्या अजाणपणात बसवला. तो मोठा झाला की वाद संपला.

पिकल्स एकटा नव्हता, हेही सांगायला हवं. तोक्यो पोलिसांचा पिपो-कुन १९८७ पासून आहे. जपानमध्ये नगरपालिकांना, रेल्वेला, कर खात्याला, तुरुंगांनासुद्धा शुभंकर असतात. कुमामोतो प्रांताचा काळा अस्वल कुमामोन तर जगभर पोचला. त्यामुळे 'सैन्याला कार्टून कसं?' हे बाहेरच्याला वाटणारं आश्चर्य तिथल्या माणसाला वाटत नाही. पण बाकी सगळ्या खात्यांपेक्षा एका खात्याचं काम वेगळं आहे. पाणीपट्टी गोळा करणारा अस्वल आणि तोफ चालवणारा अस्वल, चित्रात दोघे सारखे दिसतात. म्हणून तर ते चित्र काढलं जातं.

आपल्याकडे याची गरज कधी पडली नाही. साताऱ्याजवळचं आपशिंगे आपल्या नावातच 'मिलिटरी' लावतं, शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला लोक सैनिक टाकळी म्हणतात. तिथे जवानाची किंमत घराघरांतल्या फोटोंनी आणि हुतात्म्यांच्या नावांनी ठरते. सैनिक गोंडस दिसावा ही कल्पना त्या गावात कुणाच्या डोक्यातही येणार नाही. अभिमानाने प्रश्न झाकता येतो तसा गोडव्यानेही झाकता येतो. जपानला अभिमानाची वाट बंद होती, कारण त्या अभिमानाचं काय झालं ते १९४५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं होतं. उरली दुसरी.

कावाई या जपानी शब्दाचं भाषांतर आपण 'गोंडस' करतो. त्यात एक अर्थ राहून जातो. कावाई वस्तू लहान असते, दुबळी असते, तिला जपावंसं वाटतं. मोठं डोकं आणि मोठे डोळे पाहिले की माणसाच्या मनात तान्ह्या बाळाबद्दलची माया जागी होते, हे कोनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९४३ मध्येच मांडलं होतं. देशाचं रक्षण करणाऱ्या दलाने असं चित्र निवडलं की ज्याचं रक्षण आपणच करावं असं पाहणाऱ्याला वाटतं. नातं पूर्ण उलटतं. जे आपल्याला जपायचं आहे त्याला कुणी जाब विचारत नाही.

ही युक्ती देशाबाहेरही नेली. २००४ मध्ये सुमारे सहाशे जवान इराकमधल्या समावा शहरात पाणी आणि रस्त्यांच्या कामासाठी गेले, तेव्हा जपान सरकारने दिलेल्या २६ पाण्याच्या टँकरवर फुटबॉलपटू त्सुबासाचं मोठं चित्र चिकटवलं होतं. अरब मुलं त्याला कॅप्टन माजिद म्हणून टीव्हीवर रोज पाहत. टँकर लांबून ओळखू यावा, त्यावर कुणी गोळी झाडू नये. २००६ च्या जुलैमध्ये भूदलाची तुकडी परतली, लढाईत एकही माणूस न गमावता आणि एकही गोळी न झाडता. यात त्सुबासाचा वाटा किती ते मोजता येणार नाही. शहराच्या सुरक्षेचं ओझं आधी डच आणि मग ऑस्ट्रेलियन सैनिक वाहत होते. तरी हे एक चित्र मला मनापासून पटतं, कारण त्याने काही लपवलं नाही. टँकरमध्ये पाणीच होतं.

अमेरिकी सैन्यानेही हाच धडा गिरवला. २००८ मध्ये योकोसुका बंदरात अणुऊर्जेवर चालणारी जॉर्ज वॉशिंग्टन ही विमानवाहू नौका कायमची मुक्कामाला येणार होती. ज्या देशावर दोन अणुबॉम्ब पडले, तिथे ही बातमी साधी नव्हती. त्यांनी मांगा छापला, ३० हजार प्रती. नायक जपानी वंशाचा तरुण खलाशी, त्याच्या नजरेतून नौकेवरचं आयुष्य. त्याच वर्षी मे महिन्यात प्रत्यक्ष नौकेवर मोठी आग लागली, दुरुस्तीला वेळ गेला आणि ती सप्टेंबरअखेर पोचली. दोन वर्षांनी जपान-अमेरिका सुरक्षा कराराची पन्नाशी आली, तेव्हा आणखी एक चित्रकथा निघाली. सशाचा पोशाख घातलेला अमेरिकी मुलगा उसा-कुन आणि त्याची जपानी मैत्रीण अराई अन्झू. उसागी म्हणजे ससा, आणि उसा ही अक्षरं रोमन लिपीत लिहिली की अमेरिकेचं नाव होतं. अराई अन्झू हे भरभर म्हटलं की 'अलायन्स' ऐकू येतं. तू माझं घर का राखतोस, असं ती विचारते. आपली मैत्री आहे म्हणून, असं त्याचं उत्तर. ओकिनावा बेटावरच्या फुतेन्मा या अमेरिकी तळाच्या वादावरून त्या वर्षी जपानच्या पंतप्रधानाला राजीनामा द्यावा लागला होता. अन्झूच्या घरात ओकिनावाची खोली नव्हती.

दरम्यान जपानी दलाचा गोडवाही बदलत गेला. पिकल्स पोरांसाठी होता, आता लक्ष्य होतं अठरा-वीस वर्षांचा तरुण. भरतीचं काम देशभरातल्या ५० प्रांतीय सहकार्य कार्यालयांकडे असतं. त्यांना बऱ्यापैकी मोकळीक असते आणि पैसा बेताचा. तोकुशिमासारख्या कार्यालयांनी ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टूनपटांतल्या, शोभतील अशा मुलींची भित्तिपत्रकं काढली आणि ती गाजली. मग ॲनिमे मालिकांशी भागीदारी सुरू झाली. ओआराई हे इबाराकी प्रांतातलं मासेमारीचं गाव २०११ च्या त्सुनामीत सापडलं होतं. शाळकरी मुली रणगाडे चालवतात अशी एक मालिका २०१२ मध्ये त्या गावावर बेतली, चाहते येऊ लागले आणि गावच्या उत्सवात दलाचा खरा रणगाडा येऊन उभा राहिला. दुकानदारांना त्या गर्दीने खरोखर हात दिला. हे खोटं नाही, आणि म्हणून हे प्रकरण काळं-पांढरं करून सांगता येत नाही.

शिगा प्रांताच्या कार्यालयाने २०१८ मध्ये अशीच एक मालिका घेऊन भरतीचं पत्रक काढलं. उडणाऱ्या मुली, वर सैनिकी पोशाख, खाली जे होतं ते बघणाऱ्याला अंतर्वस्त्र वाटावं असं. २०१९ च्या फेब्रुवारीत टीका सुरू झाली. कार्यालयाचं म्हणणं असं की मालिकेच्या जगात त्याला विजार मानतात. शेवटी पत्रकं काढून घेतली. हा खुलासा देणारे अधिकारी चाहत्यांच्या भाषेत इतके मुरले होते, की रस्त्यावरून जाणाऱ्या बाईला ते पत्रक कसं दिसेल हे त्यांना दिसेनासं झालं होतं. पत्रकावर मुली होत्या, पण ते मुलींना उद्देशून नव्हतं. दलात बायकांची संख्या त्या वेळी दहा टक्क्यांनाही पोचली नव्हती, आणि ती वाढवायची असं सरकारच सांगत होतं.

इथे रिना गोनोईची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ती मियागी प्रांतातल्या हिगाशीमात्सुशिमाची. ११ मार्च २०११ ला ती अकरा वर्षांची होती, त्सुनामीत घर गेलं, निवाऱ्याच्या छावणीत राहावं लागलं. तिथे स्वसंरक्षण दलाच्या बायका मदतीला होत्या. त्या वेळी दलाने सुमारे एक लाख माणसं उतरवली होती, १९ हजारांच्या आसपास जिवंत माणसं बाहेर काढली, आणि नंतर कित्येक आठवडे चिखलातून प्रेतं उचलली. त्या बायकांकडे बघून मुलीने ठरवलं की आपण हेच व्हायचं. २०२० मध्ये ती भरती झाली. तिला कुठल्या भित्तिपत्रकाने बोलावलं नव्हतं.

आत तिच्या वाट्याला छळ आला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये प्रशिक्षणाच्या तळावर सहकाऱ्यांनी तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. तक्रार आधी बाजूला पडली. २०२२ च्या जूनमध्ये नोकरी सोडल्यावर तिने स्वतःच्या नावाने, चेहरा न लपवता, हे जाहीर सांगितलं. सप्टेंबरमध्ये भूदलाने माफी मागितली, डिसेंबरमध्ये पाच जणांना बडतर्फ केलं, आणि १२ डिसेंबर २०२३ रोजी फुकुशिमा जिल्हा न्यायालयाने तिघा माजी जवानांना दोषी ठरवून दोन वर्षांची स्थगित शिक्षा दिली. तिच्या बोलण्यानंतर मंत्रालयाने दलभर चौकशी केली, तेव्हा छळाच्या १,३२५ तक्रारी आल्या.

शिगाचं पत्रक आणि हा गुन्हा यांच्यात कार्यकारणाची सरळ रेघ ओढायला माझ्याकडे पुरावा नाही आणि मी ती ओढणार नाही. पण दोन्ही घटना एकाच घरातल्या आहेत. वीस-तीस वर्षं ज्या घराने स्वतःचं चित्र गोड, निरुपद्रवी, हसऱ्या मुलींचं रंगवलं, त्या घरातली खरी मुलगी बोलली तेव्हा तिचं ऐकायला आत कुणी नव्हतं. चित्रातल्या मुलीला तक्रार नसते.

या गोडव्यातून दलाला मिळालं काय? सरकारी पाहणीत २०१२ साली ९१.७ टक्के लोकांनी दलाबद्दल चांगलं मत असल्याचं सांगितलं. पण त्यामागे पिकल्स नाही, त्यामागे २०११ चा चिखल आहे. भरतीचे आकडे तर वेगळंच सांगतात. २०१८ मध्ये भरतीची कमाल वयोमर्यादा २६ वरून ३२ करावी लागली. २०२३ च्या आर्थिक वर्षात १९,५९८ माणसं घ्यायची होती, मिळाली ९,९५९. जन्मदर घटतोय, खासगी कंपन्या जास्त पगार देतात, गोनोई प्रकरण लोकांच्या स्मरणात आहे, युक्रेनचं युद्ध रोज टीव्हीवर दिसतंय. मुलं अकानेचा फोटो काढून घरी जातात. आवडणं आणि नाव नोंदवणं यांच्यामध्ये एक दरी आहे आणि चित्राने ती भरली नाही, कारण चित्राने दरीपलीकडे काय आहे ते सांगितलंच नव्हतं. तिकडे बंदूक आहे, शिस्त आहे, बदल्या आहेत, मरणाची शक्यता आहे. उमेदवाराला आणि त्याच्या आईला हे चित्रावाचूनही ठाऊक असतं.

२०२१ पासून संरक्षण मंत्रालय मुलांसाठी श्वेतपत्रिका काढतं. रंगीत, सोप्या भाषेत, कठीण शब्दांचे अर्थ देऊन. फरक एवढाच की यात पाप्रिका आणि ब्रोकोली नाहीत. चीन, रशिया, उत्तर कोरिया ही नावं सरळ छापलेली आहेत. तिच्या प्रती प्राथमिक शाळांपर्यंत पोचल्या तेव्हा २०२५ मध्ये नागासाकीत आक्षेप घेतला गेला. शेजारच्या देशाला धोका म्हणणारं पुस्तक त्याच देशातून आलेल्या मुलांच्या वर्गात ठेवायचं का, हा प्रश्न तिथे उघडपणे विचारला गेला. पिकल्सच्या तीस वर्षांत असा उघड प्रश्न मला क्वचितच दिसला. पुस्तकात देशांची नावं आली, आणि बाया-माणसं बोलू लागली.